ज्यूसर धुवायला किती वेळ लागतो?

माझे मेहुणे सटाण्याजवळ डाळिंबाची बाग करतात. तोडणी सुरू झाली की व्यापारी बागेत येऊन फळे निवडतो, आणि तडकलेली, उन्हाने डागाळलेली किंवा सालीवर तेल्या रोगाचा एखादा ठिपका असलेली फळे बाजूला काढतो. ही बाजूला पडलेली फळे पुष्कळदा आतून उत्तम असतात, पण त्यांना भाव मिळत नाही. मग एखाद्या गुरुवारी कुणाच्या तरी पिकअपमधून वीस किलोंचे एक कॅरेट आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी येऊन पोहोचते आणि पाठोपाठ फोन येतो, "दाजी, सालीकडे बघू नका, दाणा बघा." घरात आम्ही दोघेच. वीस किलो डाळिंबे दोघांनी दाणे सोलून खायची म्हटली तर पंधरवडा जातो, आणि तडकलेले फळ तेवढा धीर धरत नाही. शेजाऱ्यांना वाटूनही निम्मे कॅरेट उरते. ज्यूसर घेण्याचा विचार आमच्या घरात आरोग्याच्या कारणाने आलेला नसून या कॅरेटमुळे आलेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

ज्यूसर घरात नव्हता असेही नाही. माळ्यावर जुना ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर आहे. त्याचा मिक्सर रोज चालतो, ज्यूसरचे मोठे भांडे मात्र पंधरा वर्षांत पंधरा वेळाही खाली आले नसेल. ते का येत नाही, याचे उत्तर सौभाग्यवतींनी एका वाक्यात दिले होते: "रस प्यायला पाच मिनिटे आणि धुवायला अर्धा तास." मी अंबडच्या कारखान्यात तीस वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले. त्यामुळे नवे यंत्र घ्यायचेच असेल तर जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवून हे एक वाक्य कसोटी म्हणून घ्यायचे, असे मी ठरवले. यंत्र किती रस काढते हे मोजायचेच, परंतु फळ हातात घेतल्यापासून ओटा पुन्हा कोरडा होईपर्यंत एकूण किती वेळ जातो, हेही घड्याळ लावून मोजायचे.

बाजारात घरगुती यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार मोसंबी-संत्र्यापुरता, ज्यात फळाचा अर्धा भाग फिरत्या शंकूवर दाबून धरायचा असतो. तो स्वस्त व सुटसुटीत असतो, पण डाळिंब त्यावर दाबले तर साल आणि आतले पांढरे पडदेही पिळले जाऊन रस कडवट होतो. दुसरा प्रकार आमच्या माळ्यावरच्या भांड्याचा. त्यात वेगाने फिरणारी किसणी फळाचा कीस करते आणि जाळीची टोपली तो कीस भिंगरीसारखा फिरवून रस बाहेर फेकते. तिसरा प्रकार हल्ली 'कोल्ड प्रेस' किंवा 'स्लो ज्यूसर' या नावाने विकला जातो. यात एक जाड मळसूत्र संथ गतीने फिरते आणि फळ जाळीवर दाबून पिळून काढते. रसवंतीवरचा लाकडी चरक डोळ्यांसमोर आणला तर तत्त्व लगेच कळते. कापायचे काही नाही, दाबायचे आहे. मी या तिसऱ्या प्रकारातला लहान आकाराचा ज्यूसर साडेपाच हजार रुपयांना घेतला.

दुकानात गेल्यावर मी सर्वप्रथम यंत्र उलटे केले. विक्रेत्याला ते फारसे आवडले नाही. परंतु यंत्राची खरी ओळख खोक्यावर नसते, ती तळाच्या पाटीवर असते. खोक्यावर ठळक अक्षरांत 'शक्तिशाली मोटर' असे लिहिले होते आणि पाटीवर १५० वॅट होते. ही तक्रार नाही. संथ फिरणाऱ्या मळसूत्राला गिअरची जोड असते, त्यामुळे कमी वॅटची मोटरही भरपूर जोर लावू शकते, म्हणून या प्रकारात वॅट पाहून यंत्र निवडण्यात अर्थ नाही. पाटीवरचा दुसरा आकडा मात्र महत्त्वाचा होता: सलग दहा मिनिटे. म्हणजे दहा मिनिटे चालवल्यावर मोटर थंड होऊ द्यायची. कॅरेटभर डाळिंबांचा रस एका बैठकीत काढायचे मनात असेल तर ही अट तिथेच समजून घ्यायला हवी. तिसरी खूण चौकोनात चौकोन अशी होती. ही खूण दुहेरी विद्युतरोधनाची, म्हणजे विजेचा धक्का अडवणाऱ्या दोन थरांची असते, म्हणून अशा यंत्राला दोनच पिनांचा प्लग चालतो. ही खूण नसताना दोन पिनांचा प्लग दिसला तर मी ते यंत्र घेणार नाही, कारण ओल्या हातांनी वापरायच्या वस्तूत अर्थिंगशी तडजोड करू नये. भांड्याच्या तळाशी पेला आणि काट्याची खूणही पाहिली. ती असली म्हणजे प्लास्टिक खाद्यपदार्थांच्या संपर्कासाठीचे आहे, असे निर्माता सांगत असतो.

घरी आणल्यावर पहिले काम गती मोजण्याचे केले. फळ टाकायच्या नळीतून टॉर्चचा उजेड पाडला की मळसूत्राची धार फिरताना दिसते. घड्याळ समोर ठेवून मोजले तेव्हा मिनिटाला ५८ फेरे भरले, आणि पुस्तिकेत ६० लिहिले होते. जुन्या भांड्याचे फेरे असे डोळ्यांनी मोजणे शक्यच नाही, ते मिनिटाला हजारोंच्या घरात असतात. आवाजातला फरकही तेवढाच मोठा आहे. जुने यंत्र सकाळी सहाला लावले तर वरच्या मजल्यावरचे लोक जागे होत. हे चालू असताना आकाशवाणीवरील भक्तिगीतांचे शब्द स्पष्ट ऐकू येतात.

आता डाळिंब. पावणेतीन किलो फळे सोलल्यावर दीड किलो दाणे मिळाले. सोलताना काळवंडलेले किंवा वास येणारे दाणे असलेले फळ सरळ बाजूला टाकले, कारण तडकलेल्या फळाच्या फटीतून बुरशी आत गेलेली असू शकते आणि असे दाणे रसात गेले की कुणालाच दिसत नाहीत. दीड किलोचे अर्ध्या अर्ध्या किलोचे तीन वाटे केले. पहिला जुन्या ज्यूसरमध्ये, दुसरा मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवून मलमलीच्या फडक्यातून पिळला, आणि तिसरा नव्या यंत्रात घातला. जुन्या ज्यूसरने ३१० मिलिलिटर रस दिला आणि १६५ ग्रॅम ओला चोथा मागे ठेवला. फडक्यातून ३५० मिलिलिटर आला, चोथा १२० ग्रॅम. नव्या यंत्राने ३६५ मिलिलिटर दिला, चोथा ११० ग्रॅम. पुढचे दोन आठवडे हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आकडे दहा-पंधरा मिलिलिटरने इकडेतिकडे झाले, क्रम बदलला नाही.

या आकड्यांकडे पाहून मी थोडा खजील झालो, हे मान्य केले पाहिजे. साडेपाच हजारांचे यंत्र आणि आजीच्या काळचे मलमलीचे फडके यांच्यात जेमतेम एका चहाच्या कपाच्या तळाएवढा फरक! ज्याला महिन्यातून एकदाच रस काढायचा आहे त्याने मिक्सर आणि फडके यांवरच भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फरक आहे तो चवीत. मिक्सरच्या पात्याने दाण्यातले बी फुटते आणि बीचा तुरटपणा रसात उतरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला भगवा वाण आमच्याकडे येतो, त्याचे बी मऊ म्हणवले जाते, पण पात्यापुढे मऊ बीही शेवटी बीच. तीन पेल्यांना आकडे लावून, कोणता पेला कशाचा हे न सांगता, मी घरच्या आणि शेजारच्या मिळून पाच जणांना चव घ्यायला लावली. चौघांनी मिक्सरचा पेला तुरट म्हणून बाजूला काढला. जुन्या ज्यूसरच्या रसावर बोटभर फेस होता आणि दहा मिनिटांत खाली पातळ लालसर पाणी व वर गढूळ थर असे त्याचे दोन भाग झाले. नव्या यंत्राचा रस अर्ध्या तासानंतरही बऱ्यापैकी एकजीव होता.

'कोल्ड' या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे, कारण विक्रेते त्यावर फार भर देतात. वेगवान ज्यूसर रस तापवतो आणि त्यातले सत्त्व जळते, असे मला दुकानात सांगण्यात आले. तापमापक घरात होताच. दाणे २४ अंशांवर होते, नव्या यंत्राचा रस २५ अंश आणि जुन्याचा २७ अंश भरला. दोन-तीन अंशांनी काही जळत नाही, नाशिकच्या एप्रिलमधल्या दुपारी ओट्यावर ठेवलेला पेला याहून जास्त तापतो. खरा फरक हवेचा आहे. भिंगरीसारखी फिरणारी टोपली रसात हवा घुसळते, त्यामुळे फेस येतो, रंग लवकर उतरतो आणि थर वेगळे होतात. संथ मळसूत्र हे कमी प्रमाणात करते, एवढेच. गार-गरम हा मुद्दा खोक्यावर शोभण्यापुरता आहे.

यानंतर ती मुख्य कसोटी, म्हणजे धुण्याची. नव्या यंत्राचे सुटे भाग एकूण सात आहेत: दट्ट्या, नळीचे झाकण, मळसूत्र, जाळी, जाळीभोवती फिरून ती पुसत राहणारा रबरी कंगवा, मुख्य भांडे, आणि चोथा पडायचे लहान भांडे. पहिल्या दिवशी मला हे सगळे धुऊन पुसायला अकरा मिनिटे लागली आणि सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर 'मी म्हटले नव्हते का' असे स्पष्ट दिसले. चौथ्या दिवशी हाच वेळ चार मिनिटांवर आला. यंत्र तेच होते, माझा क्रम बदलला होता. शेवटचे फळ गेल्यावर यंत्र बंद न करता, रसाच्या तोटीचे बूच लावून, एक पेला पाणी नळीतून ओतायचे. मळसूत्र दहा-बारा फेरे फिरू द्यायचे आणि मग बूच उघडायचे. फिकट गुलाबी पाण्याबरोबर निम्मा चोथा आपोआप निघून जातो. त्यानंतर ताबडतोब जाळी नळाखाली धरायची, रस पिऊन झाल्यावर नाही. गाजराचा किंवा डाळिंबाचा चोथा जाळीत वीस मिनिटे वाळला की ब्रशला दाद देत नाही, आणि मग एकेक भोक दाभणाने टोकत बसावे लागते.

जाळी स्वच्छ झाली की नाही, हे ओट्याजवळ उभे राहून कळत नाही. मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन उजेडाकडे धरतो. स्वच्छ भोके चाळणीतून आभाळ दिसावे तशी एकदम उजळतात आणि बुजलेली भोके काळ्या ठिपक्यांसारखी वेगळी दिसतात. बहुधा ती खालच्या बाजूला, जिथे दाब सर्वांत जास्त असतो तिथेच सापडतात. ब्रश आतून न फिरवता बाहेरून आत असा फिरवला तर ती लवकर मोकळी होतात.

तरीही पहिल्या आठवड्यात यंत्राला आंबूस वास येऊ लागला. सगळे भाग दोनदा धुतले तरी वास जाईना. शेवटी मुख्य भांडे उलटे करून पाहिले, तेव्हा चोथ्याच्या तोटीखाली रबराची एक जीभ दिसली. ती बोटाने मागे ओढल्यावर आत चार दिवसांचा चोथा ताकाच्या खरवडीसारखा चिकटलेला होता. पुस्तिकेत ही जीभ एका बारीक चित्रात दाखवली आहे, परंतु ती उघडता येते, असे कुठेही लिहिलेले नाही. आता रोज ती उघडून धुतो आणि सर्व भाग जोडून न ठेवता सुटेच रोवळीत वाळू देतो. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे आणि वास येतो, त्यांनी प्रथम ही जागा पाहावी.

इतर फळांचा अनुभव थोडक्यात सांगतो. गाजर या यंत्राला सर्वांत मानवते. साडेचार सेंटिमीटरच्या नळीत ते अख्खे जाते आणि चोथा इतका कोरडा निघतो की थालीपिठात मळताना पाणी घालावे लागते. गाजराने भांड्याला आलेला केशरी रंग साबणाने निघत नाही. खोबरेल तेलाचे बोट फिरवून मग साबण लावला की निघतो, कारण तो रंग तेलात विरघळणारा आहे. मोसंबीचे मात्र सोलून आठ तुकडे करावे लागतात आणि बिया काढाव्या लागतात. त्यापेक्षा जुना हाताचा शंकू बरा. आले घालायचे तर बारीक चकत्या कराव्यात, नाहीतर त्याचे दोरे मळसूत्राभोवती गुंडाळले जातात. शेजारच्या काकांनी मोठ्या आशेने "यात ऊस चालतो का हो?" असे विचारले होते. चालत नाही. उसासाठी रसवंतीवरच जावे.

द्राक्षांविषयी मात्र दोन वाक्ये जास्त लिहिणे भाग आहे, नाहीतर नाशिककर म्हणवून घेण्यात अर्थ नाही. हंगामात निफाड-दिंडोरीकडून येणारे सुटे मणी बाजारात घडांपेक्षा स्वस्त मिळतात आणि रसासाठी ते उत्तम असतात. मिठाच्या पाण्यात बुडवून, दोन-तीनदा स्वच्छ धुऊन घातले की किलोला साडेसहाशे मिलिलिटरच्या पुढे रस येतो. थॉमसन जातीच्या द्राक्षांचा हिरवट रस पाच-सात मिनिटांत तपकिरी पडू लागतो, म्हणून पेल्यात आधीच अर्धे लिंबू पिळून ठेवावे. हा रस फ्रीजमध्ये ठेवला तर बाटलीच्या तळाशी काचेसारखे बारीक खडे जमतात. पहिल्यांदा ते पाहून यंत्राचे प्लास्टिक झिजून आले की काय, अशी शंका मला आली होती. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, थंडीने खाली बसतात आणि निरुपद्रवी असतात. गंगापूर धरणाच्या बाजूला ज्यांच्या वायनरी आहेत त्यांना हे खडे चांगले परिचयाचे असणार.

आता एक अपघात, ज्यात चूक निम्मी माझी होती. डिसेंबरात आवळ्याचा रस काढत होतो. आवळ्याच्या कठीण बीला सहा कडा असतात आणि त्या कडांना धरून सुरी फिरवली की गर सहा फोडींत सुटतो. एका फोडीबरोबर बीचा तुकडा आत गेला. मळसूत्र कुरकुरून थांबले, मोटर घुमू लागली. मी उलट फिरवायचे बटण दाबण्याऐवजी दट्ट्यावर आणखी जोर दिला. तीस वर्षे इतरांना 'यंत्र अडले तर जोर लावू नका' असे सांगणाऱ्या माणसाने हे केले. जाळीला बारीक चीर गेली. उरलेली निम्मी चूक निर्मात्याची. मोटरला दोन वर्षांची हमी होती, जाळी मात्र झिजणाऱ्या भागांत मोडते म्हणून हमीत नाही, हे मला तेव्हा कळले. ती विकत मागितली तर नाशिकच्या सेवा केंद्रात नव्हती. पाच आठवडे आणि सात फोन एवढ्या प्रतीक्षेनंतर ६९० रुपयांना ती मिळाली. दरम्यानच्या काळात दोन किलो आवळ्यांचा मुरांबा झाला, तेवढाच फायदा. यंत्र घेण्याआधी दुकानदाराला "सुटी जाळी आत्ता दाखवा" असे म्हणावे. ती दुकानात किंवा गावातल्या सेवा केंद्रात नसेल, तर ते यंत्र कितीही रस काढो, घेऊ नये.

विजेचा खर्च विचारात घेण्यासारखा नाही. १५० वॅटचे यंत्र दहा मिनिटे चालले तर एका युनिटचा चाळिसावा भाग खर्च होतो.

रस पिण्याचा प्रश्न याहून अवघड निघाला. सौभाग्यवतींची साखर सीमारेषेवर आहे. पहिल्या दिवशी मी कौतुकाने भरलेला पेला पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांनी मला फळ खायला सांगितले आहे, प्यायला नाही." त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. पेलाभर रसासाठी मी अर्धा किलोहून अधिक डाळिंबे सोलली होती. तेवढी फळे एका बैठकीत कुणी खात नाही, आणि तंतू तर सगळे चोथ्यात गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रसातली साखर ही 'मुक्त साखर' म्हणूनच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत, धरलेली आहे. पाकीटबंद रसांवरील '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचे आदेश आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिले. ताजा रस पाकिटातल्या रसाहून चांगला असतो, पण तो फळाची जागा घेत नाही. तेव्हापासून आमच्याकडे दीडशे मिलिलिटरचे छोटे पेले काढले आहेत. सौभाग्यवतींच्या वाट्याला दाण्यांची वाटी येते आणि रसाचा फक्त घोट.

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटणारे माझे एक स्नेही ज्यूसर घेतल्याचे कळताच दुधीच्या रसाचा आग्रह करू लागले. दुधीचा रस काढायचा असेल तर आधी कच्च्या फोडीचा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि किंचित जरी कडू लागला तरी अख्खा दुधी घंटागाडीत टाकावा. कडू दुधीत क्युकरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये असतात आणि त्यांच्यामुळे देशात मृत्यूही झालेले आहेत. यंत्र कितीही चांगले असले तरी ही पारख ते करत नाही. मी त्या स्नेह्यांना डाळिंबाचा रस पाजून विषय बदलला.

यंत्राला घरी येऊन आता चौदा महिने झाले. ते माळ्यावर गेलेले नाही. उंचीला ३३ सेंटिमीटर असल्याने फडताळाखाली मिक्सरच्या शेजारी बसते. आठवड्यातून दोनदा, कॅरेट आले की रोज, चालते. वजनाला हलके असल्याने कठीण गाजर दाबताना ओट्यावर सरकते, त्यासाठी खाली ओले फडके घालावे लागते. साडेपाच हजारांत एवढे चालवून घेता येते. सोलणे, रस काढणे, धुणे आणि ओटा पुसणे मिळून किलोभर डाळिंबांना आता बावीस मिनिटे लागतात. त्यातली बारा मिनिटे एकट्या सोलण्याची आहेत, आणि त्यावर कोणत्याही यंत्राचा उपाय नाही. काल मेहुण्यांचा फोन येऊन गेला. या वेळी दोन कॅरेट पाठवत आहेत.